‘४२ एमएमला फिट’ : दुर्बिणीच्या हार्नेसमधली फसवणूक

पार्सल वेळेवर आलं आणि आत हार्नेसच निघाला, म्हणजे दुर्बीण छातीवर बाळगायची पट्ट्यांची पिशवी. वीट नाही, साबणाची वडी नाही. म्हणूनच आपण फसलोय हे कळायला दोन दिवस गेले आणि परत करण्यासाठीच्या सात दिवसांतले तेवढे हकनाक खर्ची पडले. किंमत १,७९९ रुपये, लिस्टिंगवर खोडून दाखवलेली एमआरपी ५,९९९. बाकी सगळा मजकूर शोभेचा, कळीचं वाक्य एकच : ‘४२ एमएमपर्यंतच्या सर्व दुर्बिणींना फिट’. दुर्बीण होती ८×४२. ती आत गेली नाही.

या ४२ आकड्यावरच सगळा खेळ आहे. ८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुर्बिणीच्या अंगाचं माप त्यात कुठेच नाही. सरळ नळ्यांची, म्हणजे रूफ प्रिझमची ८×४२ साधारण १४-१५ सेंमी लांब आणि १३ सेंमीच्या आसपास रुंद असते, वजन ६०० ते ७५० ग्रॅम. पोरो प्रिझमची, जुन्या फौजी दुर्बिणींसारखे खांदे बाहेर काढलेली ८×४२ घ्या : भिंग तेवढंच, पण रुंदी १८ सेंमीच्या पुढे. एकच ४२ आणि दोन दुर्बिणींत पाच सेंमीचा फरक. त्यामुळे ‘४२ला फिट’ हे वाक्य ‘४० वर्षांच्या माणसाला फिट होणारी चप्पल’ याच जातीचं आहे.

लिस्टिंगवर तळाशी बारीक अक्षरांत मापही दिलं होतं : १४×१६×८ सेंमी. टेप लावला तर माप खरं निघालं, पण बाहेरून. आत दोन्ही बाजूंना ८ मिमीचा फोम. म्हणजे रुंदीच्या १४ सेंमींतले १६ मिमी गेले, उरले १२.४ सेंमी. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं : ‘सर, दुर्बीण फोल्ड करून ठेवा, बसते.’ बसते, हेही खरं. बिजागरी पूर्ण मिटवली की रूफ प्रिझमची दुर्बीण अरुंद होते आणि दाबून आत जाते. पण मग पक्षी समोर आला की आधी दुर्बीण ओढून काढा, बिजागरी उघडा, दोन डोळ्यांमधलं अंतर पुन्हा जुळवा, आणि मग बघा. तोवर खंड्या मासा गिळून पलीकडच्या काठावर गेलेला असतो. हार्नेस घ्यायचा तो हेच टाळायला.

उंचीतही तोच प्रकार. डोळ्यांना टेकणारे कप फिरवून वर काढले की दुर्बीण एक-दीड सेंमी वाढते. चष्मा न लावणारे कप वर ठेवूनच फिरतात. या हार्नेसचं झाकण कप आत ढकलल्याशिवाय लागत नव्हतं.

आता फोटोत काय होतं आणि हातात काय आलं ते. फोटोत झाकण चुंबकाचं, एका बोटाने पुढे उघडणारं. आलं ते वेल्क्रोचं. वेल्क्रो उघडतानाचा तो ‘चर्र’ आवाज पाणवठ्याशी दबा धरून बसलेल्याला विचारा. फोटोत पाठीवर जाळीचा रुंद तुकडा, आला तो चार भोकांचा प्लास्टिकचा चौकोन, जो तासाभरात मणक्यावर टोचतो. फोटोतले पट्टे २५ मिमीचे, आलेले २० मिमीचे. दुर्बीण अडकवायच्या बाजूच्या क्लिपांना १५ मिमीची पट्टी होती. बहुतेक दुर्बिणींच्या कानांतून १० मिमीच्या आसपासचीच पट्टी ओवली जाते, त्यामुळे त्या क्लिपा लागतच नाहीत. मग लोक किल्ल्यांची गोल रिंग मध्ये घालतात. ती स्वस्त रिंग ओढ बसली की फाकते, आणि ४० हजारांची दुर्बीण तीन रुपयांच्या तारेवर लटकते.

सगळ्यात वाईट होती शिवण. पट्टा जिथे पिशवीला जोडला जातो तिथे दाट आडवे टाके हवेत. बॅगा शिवणारे त्याला बारटॅक म्हणतात. ट्रेकिंगच्या कुठल्याही बऱ्या सॅकचा खांद्याचा पट्टा वर करून बघा, दीड-दोन सेंमीची ठसठशीत पट्टी दिसेल. इथे एकेरी सरळ शिवण होती आणि दोरा टोकाला गाठही न मारता कापलेला. तो दोरा नखाने ओढला तर चार टाके उसवून हातात आले. ही चाचणी पार्सल आल्याआल्या करावी, पण व्हिडिओ सुरू ठेवून आणि हलक्या हाताने. नाहीतर ‘ग्राहकाने माल खराब केला’ म्हणायला विक्रेता मोकळा.

बाकीच्या चाचण्यांना घरचं सामान पुरतं. दुर्बिणीऐवजी एक किलो साखरेची पिशवी आत घालून हार्नेस रात्रभर खुंटीला टांगा. आधी पट्ट्याची लांबी मोजून ठेवा, सकाळी वजन काढून पुन्हा मोजा. इलास्टिकचा पट्टा थोडा ताणला जाणारच. पण वजन काढल्यावर तो मूळ लांबीवर येत नसेल तर महिन्याभरात पिशवी पोटावर येणार. बकल वीस वेळा लावून सोडा. ॲसिटल या चिवट प्लास्टिकच्या चांगल्या बकलचे दात थोडे वाकून परत येतात, ठिसूळ प्लास्टिकच्या दातांच्या मुळाशी पांढरी रेघ उमटते. ती रेघ दिसली की ते बकल मोडणार, फक्त कधी ते ठरायचंय. बाजूच्या क्लिपांना लिटरभर पाण्याची बाटली बांधून गादीवर दोन हिसके द्या. दुर्बिणीने हे प्रयोग करू नका, हे सांगायला नको. पण करणारे आहेत म्हणून सांगितलं.

मग हार्नेस अंगात घालून वाकून बुटाची नाडी बांधा. पिशवी हनुवटीला लागली तर ती फार वर आहे. जिना उतरताना स्वतःची पावलं दिसत नसतील तर फार खाली. पिशवीची खालची कड छातीचं मधलं हाड जिथे संपतं तिथे आली की साधारण ठीक. बायकांना ती बहुधा आणखी खाली घ्यावी लागते, आणि त्यासाठी खांद्याच्या पट्ट्यात लांबी शिल्लक हवी. या मालात ती नव्हती.

चुंबकाच्या झाकणाची बाजू घेतली, तर त्याची खोडही सांगायला हवी. होकायंत्र किंवा फोन त्याच पिशवीच्या खिशात ठेवला की दिशा चुकीची दिसते. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी चुंबकवाला हार्नेस घेऊच नये. चुंबक अशा उपकरणापासून किमान १५ सेंमी लांब ठेवायला सांगतात, आणि हार्नेस बसतो बरोबर छातीवर. त्यांच्यासाठी चेन किंवा इलास्टिकच्या फासाचं झाकण बरं. एकाही स्वस्त लिस्टिंगवर हा इशारा दिसला नाही.

ही वस्तू मुळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या शिकाऱ्यांची. तिथे एल्क आणि म्यूल डिअर या हरणांच्या शिकारीत माणूस डोंगराच्या धारेवर बसून तासन्‌तास समोरचा उतार दुर्बिणीने विंचरतो. गळ्यातल्या पट्ट्याने मान आखडते, चढताना दुर्बीण दगडावर आपटते, म्हणून वजन खांद्यांवर आणि पाठीवर वाटून देणारी ही छातीवरची बंद पिशवी निघाली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे हा माल घेतात पक्षीनिरीक्षक, जंगलातले गाइड, ट्रेकर. तरीही आपल्याकडच्या लिस्टिंगवर ‘हंटिंग हार्नेस’ असंच लिहिलेलं असतं, कारण मजकूर आणि फोटो जसेच्या तसे उचललेले असतात.

चोरी ओळखायची खूणही तीच. मुख्य फोटो मोबाइलवर सेव्ह करून गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो चार वेगवेगळ्या नावांनी, ७९९ पासून ३,४९९ पर्यंतच्या किमतींना सापडला तर त्या फोटोतली वस्तू त्यांच्यातल्या कुणाकडेही नाही असं धरून चला. पिशवीच्या कोपऱ्यातला लोगो पुसल्याचा धुरकट डाग शोधा. रिव्ह्यू वाचताना सगळ्यात जुन्यांपर्यंत जा. या लिस्टिंगला ४.३ तारे होते, पण खालचे रिव्ह्यू ‘कव्हर छान आहे, चार्जिंगचं भोक बरोबर येतं’ असे. जुन्या, चाललेल्या लिस्टिंगवर नवा माल चढवायचा आणि तारे फुकटात मिळवायचे, ही पद्धत. ग्राहकांनी टाकलेले फोटो तेवढे बघा. तेही विक्रेत्याच्या फोटोइतकेच झकपक असतील तर ते ग्राहकाचे नाहीत.

‘हार्नेससोबत ६०×६० नाइट व्हिजन दुर्बीण फ्री’ अशा जोड्या विकणाऱ्यांच्या वाटेलाच जाऊ नका. भिंगाचा व्यास भागिले पटी केलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिमी. खरोखर ६०×६० असेल तर तो एक मिमी, म्हणजे संध्याकाळी अंधारच. आणि ६० पट हातात धरून बघायचं तर चित्र इतकं थरथरेल की बगळा की पिशवी तेही कळायचं नाही. हातात आलेल्या दुर्बिणीची खरी पट काढता येते. ती उजेडाकडे धरून फूटभर मागून बघा, मागच्या काचेत उजेडाची गोल चकती दिसते. ती पट्टीने मोजा, पुढच्या भिंगाच्या व्यासाला तिने भागा. ६० लिहिलेल्या दुर्बिणीचं उत्तर ८-१० च्या आसपास आलं तर दचकू नका.

मागवण्याआधीचं काम दहा मिनिटांचं. दुर्बीण आपल्या डोळ्यांच्या अंतराला उघडा, कप वापरता तसे ठेवा, भिंगांची झाकणं लावा आणि लांबी, रुंदी, जाडी मोजा. प्रत्येकात एक सेंमी मिळवा. विक्रेत्याला प्रश्न विचारायचा तो एवढाच : ‘पिशवीचं आतलं माप काय? टेप आत धरून फोटो पाठवा.’ ज्याच्याकडे वस्तू आहे तो पाठवतो. ज्याच्याकडे फक्त फोटो आहे तो ‘सर, बेस्ट क्वालिटी, ऑर्डर करा’ म्हणतो.

पार्सल फोडतानाचा व्हिडिओ सलग हवा, मध्ये कट नको. आधी सहा बाजू आणि पत्त्याचं लेबल वाचता येईल असं, मग टेप कापणं, मग माल, मग टेपने आतलं माप. पाकिटावरचं लेबलही घ्या. एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, बाहेरून आलेला माल असेल तर कुठल्या देशातून, हे छापणं बंधनकारक आहे. इथे बारकोडशिवाय काहीच नव्हतं. ५,९९९ची एमआरपी फक्त स्क्रीनवर. तक्रारीत ‘क्वालिटी खराब’ असं लिहू नका, त्यावर वाद घालता येतो. ‘वर्णनात चुंबकाचं झाकण, प्रत्यक्षात वेल्क्रो, वर्णनात ४२ एमएमला फिट, आतली रुंदी १२.४ सेंमी’ असं लिहा आणि दोन्ही फोटो शेजारी लावा. विक्रेता ‘फक्त बदलून मिळेल’ म्हणाला तरी ऐकू नका, बदली म्हणजे तोच माल पुन्हा.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं सक्तीचं आहे. तिथे काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि २०१९च्या कायद्यामुळे तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

यात एक मोठा खड्डा आहे. परताव्यासाठी कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपच्या आतूनच फोन किंवा चॅट करा. शोधून मिळालेल्या नंबरवरचा गोड माणूस आपली स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावतो किंवा ‘रिफंड घ्यायला पिन टाका’ म्हणतो. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. १,७९९ सोडवायला जाऊन खातं रिकामं व्हायचं. तसं झालंच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, बँकेला नंतर.

एवढं सगळं करून बंद पिशवीच हवी का, हेही बघा. भिगवणला होडीत बसून रोहित बघायचे असतील, किंवा ताडोबाला जिप्सीत, तर पाठीवर एक्स आकाराचा साधा इलास्टिकचा हार्नेस पुरतो. दुर्बीण छातीला चिकटून राहते, दांड्यावर आपटत नाही, आणि त्यात मापाची भानगडच नाही. कानांत पट्टी ओवली की झालं. बंद पिशवी काट्याकुट्यांतून, धुळीतून, चढावर चालणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी ती वापरलीत तर मुक्कामी पोचल्याबरोबर दुर्बीण बाहेर काढा. ओला फोम आणि बंद झाकण म्हणजे भिंगावर बुरशीची पैदास. पिशवी उलटी करून वाळवा, दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

पैसे परत मिळाले, एकविसाव्या दिवशी. ती लिस्टिंग काढली गेली. आठवड्याने ती दुसऱ्या दुकानाच्या नावाने पुन्हा आली. फोटो तोच, कोपऱ्यातला डागही तोच. आता लिहिलंय : ‘५० एमएमला फिट’.