पॉवरलाइन अडॅप्टर आणि एचएफ रेडिओ एकाच घरात: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायची गरज पडणार नाही. घरात कोणी शॉर्टवेव्ह ऐकत नसेल, हॅम रेडिओ (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा रेडिओ) वापरत नसेल आणि भिंतीपलीकडेही तसं कोणी नसेल, तर पॉवरलाइन अडॅप्टर, म्हणजे घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारा छोटा डबा, कामाची वस्तू आहे. एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात, काम करणाऱ्याच्या घरात मात्र तो नको. मी परवानाधारक हॅम आहे. बरेच महिने अशा अडॅप्टरची एक जोडी घरात चालवली आणि आता काढून टाकली आहे. काय चांगलं वाटलं आणि काय खटकलं, ते सविस्तर लिहिते, कारण खोक्यावर किंवा माहितीपत्रकात यातलं काहीच सापडत नाही.

इंटरनेटपुरतं बोलायचं तर तक्रार नाही. जाड भिंतींमुळे माडीवर वायफाय पोचत नव्हतं. एक अडॅप्टर राउटरपाशी आणि दुसरा माडीवरच्या सॉकेटमध्ये लावला, दोन्हींवरचं बटण दाबून जोडणी केली, झालं. खोक्यावर ६०० मेगाबिट छापलंय, मला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेग मिळायचा. व्हिडिओ कॉल आणि सिनेमे बघायला तेवढा पुरतो. एक्स्टेन्शन बोर्डात लावला की वेग पडतो, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचा. मिक्सर चालू झाला की जरा अडखळतो. बाकी महिनोन्‌महिने हात लावावा लागला नाही.

आता रेडिओची बाजू. हे अडॅप्टर विजेच्या तारांवरून जो डेटा पाठवतात तो साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, नवे अडॅप्टर त्याहीवर जातात. म्हणजे जवळजवळ सगळं शॉर्टवेव्ह त्यात आलं. या पट्ट्यात शेकडो बारीक कॅरियर (डेटा वाहून नेणाऱ्या लहरी) एकाच वेळी चालतात. टेलिफोनच्या किंवा नेटवर्कच्या केबलमध्ये दोन तारा एकमेकींना पीळ घालून जातात, त्यामुळे एकीतून निघणारं रेडिएशन दुसरी बरंचसं रद्द करते. घरातल्या वायरिंगमध्ये तसं काही नसतं. फेज स्विचपर्यंत जाऊन परत येतो, न्यूट्रल वेगळ्याच वाटेने येतो, मध्येच एखादी वायर छतात कुठे तरी लोंबकळत असते. तोल गेला की वायर अँटेना बनते आणि सिग्नल बाहेर फेकते. अडॅप्टर बिघडलेला नसतो. तो ज्या वायरवर चालतो ती या कामासाठी बनलेलीच नाही, हे मूळ दुखणं आहे.

ते ऐकायचं कसं? माझा डायपोल (तारेचा साधा अँटेना) ७ मेगाहर्ट्झचा आहे. मोठी फाइल डाउनलोडला लावली आणि रिगचं, म्हणजे रेडिओ सेटचं, डायल ६.९ पासून हळूहळू वर नेलं. स्पीकरमधून एकसारखा खरखरीत आवाज येत होता, एस-मीटर (सिग्नलची ताकद एस-युनिटमध्ये दाखवणारा मीटर) ६ वर टेकलेला. ७.००० च्या जरा अलीकडे आवाज ओसरायला लागला आणि बँडमध्ये शिरताच एकदम शांत झाला. स्टेशनं ऐकू यायला लागली. तसंच वर जात राहिले. हॅम बँड संपला आणि थोडं पुढे गेल्यावर तोच आवाज पुन्हा चढला. वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रावर, तर हे डोळ्यांना दिसतं: दोन्हीकडे दाट धुकं आणि मध्ये स्वच्छ काळी पट्टी.

या काळ्या पट्टीला नॉच म्हणतात. या अडॅप्टरांचं होमप्लग मानक तयार होत असताना अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेने पाठपुरावा केला, म्हणून हॅम बँडांमध्ये अडॅप्टरचा सिग्नल मुद्दाम दाबलेला असतो, सुमारे ३० डेसिबलने, म्हणजे हजारपट कमी शक्तीवर. हे मोठं काम आहे आणि ते करणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. ते झालं नसतं तर माझं स्टेशन पहिल्याच दिवशी बंद पडलं असतं.

पण नॉच फक्त हॅम बँडांना आहे. ज्याच्याकडे परवाना नाही, जो नुसता साधा शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन बसतो, त्याच्या ४९, ३१ आणि २५ मीटरच्या ब्रॉडकास्ट बँडांवर माझ्या घरात काहीच उरलं नाही. युरोपच्या ईएन ५०५६१-१ या मानकात, या ब्रॉडकास्ट बँडांवर एखादं स्टेशन ऐकू येत असेल तर अडॅप्टरने स्वतः ओळखून तेवढा भाग सोडावा, अशी सोय आहे. माझ्या जोडीत तसं काही होताना दिसलं नाही. १० मेगाहर्ट्झवरचा डब्ल्यूडब्ल्यूव्ही या अमेरिकी स्टेशनचा वेळ-सिग्नलही गेला, कारण हॅम बँड १०.१ ला सुरू होतो आणि १०.००० नॉचच्या बाहेर राहतं. बँड उघडाय की नाही, म्हणजे दूरचे सिग्नल येतायत की नाही, हे मी कित्येक वर्षं तिथे कान लावून ठरवत आले आहे.

डाउनलोड नसताना तरी शांतता असेल, असं वाटेल. नसते. दोन अडॅप्टर रिकामे बसलेले असतानाही एकमेकांना सतत हाक देत राहतात. ५० हर्ट्झच्या विजेवर दर ४० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. रिसीव्हरमध्ये ती बारीक टरटर ऐकू येते. एकदा कानाला ओळख पटली की ती कुठेही पकडता येते, शेजारच्या इमारतीतून आलेलीसुद्धा.

नॉचच्या आतलीही गोष्ट पूर्ण सुखाची नाही. १४ मेगाहर्ट्झवर रात्री बँड निवांत असताना माझा नॉइज फ्लोअर (स्टेशन नसतानाचा मागचा खरखराट) एखाद्या एस-युनिटने वर असायचा. त्यातला काही भाग अडॅप्टरचा थेट नव्हताच. त्याच बोर्डावरचा एक मोबाइल चार्जर काढला की आवाज उतरायचा, चार्जर लावून अडॅप्टर काढला तरीही उतरायचा, दोघं एकत्र असले की चढायचा. चार्जरमधल्या डायोडमध्ये कॅरियर एकमेकांत मिसळतात आणि त्यातून निघालेलं मिश्रण नॉचमध्ये येऊन पडतं. प्रयोगशाळेत एकटा अडॅप्टर तपासला तर हे दिसणार नाही. प्रत्येक घरात मात्र चार्जर असतातच.

एखाद-दोन युनिटने काय बिघडतं, असं मला एका ओळखीच्या इंजिनिअरने विचारलं. एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे शक्तीत चौपट. नॉचबाहेर माझ्याकडे फ्लोअर एस-३ वरून एस-६ वर गेला होता, म्हणजे १८ डेसिबल, सुमारे ६३ पट. एस-मीटर काटेकोर नसतो हे धरलं तरी अंदाज येतो. नॉच नसता आणि हेच हॅम बँडात झालं असतं, तर समोरच्याचे १०० वॅट मला आधी जसे ऐकू येत होते तसेच ऐकू यायला त्याला ६,००० वॅटच्या वर लागले असते. तेवढी शक्ती कोणा हॅमकडे नसते आणि परवान्यात बसतही नाही. सगळ्यात वाईट म्हणजे नुकसान झालेलं कळत नाही. जोरदार स्टेशनं पूर्वीसारखीच येतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पाच वॅटवर, वाकड्यातिकड्या वायरवरून, बॅटरी संपत आलेली असताना हाक देणारा माणूस तेवढा यादीतून गळतो. तो बोलत होता हेच मला कळत नाही. संकटाच्या वेळी हाक देणारा बहुतेक असाच असतो. म्हणून हॅम मंडळी या विषयावर एवढी हट्टी आहेत आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे.

उपाय करून पाहिले. अँटेनाच्या कोअॅक्स केबलवर '३१ मिक्स' प्रकारच्या फेराइट रिंगेचा चोक (केबलवरून येणारा आवाज अडवणारा) घातला, फरक पडला आणि तो चोक कायमचा ठेवला आहे. अँटेनाचं टोक घरापासून लांब नेलं, आणखी थोडा फरक पडला. छोटा लूप अँटेना फिरवून आवाजाची दिशा मारता येते का पाहिलं, पण आवाज एका दिशेने येतच नव्हता, घरातली प्रत्येक भिंत बोलत होती. अडॅप्टरच्या वायरवर फेराइट घालणं निरर्थक, त्याने डेटाच अडतो. रिगवर बसताना अडॅप्टर काढून ठेवायचा, हा उपाय चालतो, पण घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट माझ्या छंदाच्या वेळापत्रकावर चालवणं मला पटलं नाही.

हे सगळं दोन छोट्या डब्यांचं झालं. रस्त्यावरच्या खांबांवरून हाच प्रकार करायचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला, त्याला बीपीएल (ब्रॉडबँड ओव्हर पॉवर लाइन्स) म्हणत. एफसीसी या तिथल्या दळणवळण नियामकाने २००४ मध्ये त्याचे नियम केले. व्हर्जिनियातल्या मनॅसस शहरात ती सेवा चालली आणि तिथल्या हॅमनी सतत तक्रारी केल्या. एआरआरएल न्यायालयात गेली. २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की एफसीसीने ज्या अभ्यासांवर भिस्त ठेवली त्यांतले काही भाग लोकांपासून लपवले होते, आणि अंतराबरोबर आवाज किती घटतो त्याचा धरलेला आकडाही नीट समजावला नव्हता. तो आकडा अंतर दसपट झालं की ४० डेसिबल घट, असा होता. हॅमचं म्हणणं, लांबच लांब तारेजवळ घट बरीच कमी असते. हे मला कागदावर वाचून तितकंसं उमगलं नव्हतं. हातात छोटा रिसीव्हर घेऊन विजेच्या तारेच्या कडेने चालत गेले तेव्हा उमगलं. तारेपासून दूर गेलं की आवाज विरतो, तारेच्या कडेकडेने गेलं की तो सोबत चालत राहतो. मनॅससने २०१० मध्ये ती सेवा बंद करायचं ठरवलं. खांबांवरचं बीपीएल मागे पडलं, घरातले डबे मात्र सर्रास विकले जातात.

आता माडीवर कॅट-६ केबल ओढली आहे. एक दिवस भिंतींना भोकं पाडण्यात गेला. इथरनेट अगदी सोवळं आहे असं नाही, १४.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास त्याची एक शिट्टी ऐकू येते. पण ती एका जागी बसते आणि केबलच्या दोन्ही टोकांना फेराइट घातल्यावर माझ्याकडे जवळजवळ गेली. ज्यांना केबल शक्य नाही त्यांनी मेश वायफाय घ्यावं, त्याची फ्रिक्वेन्सी एचएफपासून फार लांब आहे. पॉवरलाइनच घ्यायचा असेल तर विक्रेत्याला आधी विचारा, की परत घेणार का. घरी आणल्यावर मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर ऐका, मग वीज चालू करून अडॅप्टरशिवाय ऐका, शेवटी अडॅप्टर लावून ऐका. तिन्ही वेळचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

माझी जोडी काढल्यावर ३१ मीटरवर स्टेशनं परत आली. संध्याकाळी मात्र ती सेकंदाला २५ वेळा होणारी टरटर अजून येते, अगदी हलकी. आमच्याच फेजवरच्या एका शेजाऱ्यांनी टीव्हीसाठी अडॅप्टर लावला आहे. त्यांच्या घरी रेडिओ घेऊन गेले, प्लग काढून-लावून त्यांना ऐकवलं. आपल्या टीव्हीच्या अडॅप्टरचा आवाज असा भिंतीपलीकडे जातो याची त्यांना कल्पनाच नव्हती. माझी उरलेली केबल त्यांच्या टीव्हीपर्यंत पुरते का, ते या रविवारी मोजणार आहोत.