बी.ए. मराठीचं गाईड : रसग्रहणासाठी घ्यावं का?

सेमिस्टर सुरू झालं की नागपुरात बर्डीवर आणि महालात बी.ए. मराठीची गाईडं दिसायला लागतात. प्रकाशक कुठलाही असो, आतला साचा बहुधा एकच असतो: कवीपरिचय, सारांश, भावार्थ, भाषाशैली, समारोप. अभ्यासक्रमात काय आहे आणि प्रश्न कसे येतात हे कळायला, लघुत्तरी उत्तरांची तयारी करायला गाईड बरं आहे. पण रसग्रहण लिहायचं असेल, किंवा गृहपाठाला ८०० शब्दांचा आस्वादक निबंध द्यायचा असेल, तर ते मिटून ठेवावं. का, ते बालकवींच्या ‘औदुंबर’वरून नीट दाखवता येतं. कविता आठच ओळींची आहे, त्यामुळे लपवाछपवीला जागा नाही.

सुरुवात छापील ओळीपासूनच करू. ‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन’ ही पहिली ओळ. शुद्धलेखन सुधारायच्या नादात गाईडात ‘घेउन’चं ‘घेऊन’ होतं. ह्रस्व उ दीर्घ झाला की एक मात्रा वाढते आणि ‘निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन’ या पुढच्या ओळीशी मेळ बसत नाही. मोठ्याने म्हणून पाहा, जीभ अडखळते. अशा पाठावरून लय आणि वृत्ताबद्दल लिहिलं तर पायाच चुकतो.

मग येतो कवीपरिचय. जन्म १८९०, मूळ नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे, १९१८ साली भादलीजवळ रेल्वे अपघातात मृत्यू. माहिती खरी आहे, पण उत्तराचा पाव-अर्धा भाग तीच खाते. त्याहून वाईट म्हणजे तो अपघात कवितेतल्या ‘काळ्या डोहा’ला नेऊन जोडायचा मोह होतो. कविता अपघाताच्या आधीची आहे, त्यामुळे तो तिच्या अर्थाचा पुरावा होऊच शकत नाही. परिचयाला दोन वाक्यं पुरेत.

खरी अडचण भावार्थात आहे. ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे’ या वाक्याशी कोण असहमत होईल? कोणीच नाही, आणि म्हणूनच त्यावर निबंध उभा राहत नाही. निबंधाला असं विधान लागतं की वर्गातला एखादा शहाणा मित्र म्हणेल, ‘मला नाही पटत, दाखव.’ गाईड ते दाखवणं वगळतं. थेट ‘औदुंबर म्हणजे कवीचं एकाकी मन’ असं सांगून मोकळं होतं. मधल्या पायऱ्या नाहीत, आणि गुण तर त्या पायऱ्यांनाच असतात.

त्या पायऱ्या हातानेच चढाव्या लागतात. कविता वहीत एक ओळ सोडून उतरवा. क्रियापदांखाली रेघ मारा: झरा वाहतो, पायवाट चालली, काळिमा पसरतो आणि शेवटी औदुंबर बसला. मग रंगांवर खुणा करा: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरव्या, मग काळ्या, काळिमा. आता काहीतरी दिसायला लागतं. सगळं चित्र हलतंय आणि काळोखाकडे सरकतंय. अगदी शेवटी, पाण्यात पाय सोडून, एकच जण स्थिर आहे. ‘कवितेतली सारी हालचाल काळ्या पाण्यापाशी येऊन थांबते, आणि तिथे भीती नाही, विसावा आहे’ असं विधान यातून निघतं. विसावा कशावरून? काळिम्याआधी ‘गोड’ हे विशेषण आहे, त्यावरून. तुमचं विधान मृत्यूच्या भयाचं असेल, तर हाच ‘गोड’ आडवा येतो. तो झाकू नका. त्याच्यासाठी एक परिच्छेद द्या, नाहीतर विधान बदला. तपासणारा नेमकं तिथेच बघतो.

८०० शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवा: प्रास्ताविक ८० ते १००, त्याच्या शेवटच्या वाक्यात विधान, मग दीडशे-दीडशेचे चार परिच्छेद, उरलेले शेवटाला. परिच्छेदात एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त अवतरण नको, आणि अवतरणाच्या किमान दुप्पट विवेचन हवं. चारही परिच्छेदांची पहिली वाक्यं सलग वाचून पाहा. त्यांतून युक्तिवाद कळत नसेल तर क्रम चुकलाय. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अजरामर’ हे शब्द सरसकट खोडा. खोडल्यावर वाक्यात काहीच उरलं नाही, तर ते वाक्यच गेलेलं बरं.

समीक्षकांच्या अवतरणांबाबतही गाईडाचा भरवसा नाही. ‘एका थोर समीक्षकाने म्हटले आहे’ असं लिहिलेलं असतं. कोणी, कुठे, कोणत्या पानावर, याचा पत्ता नसतो. असं अवतरण उचलू नये. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात किंवा आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मूळ संग्रह मागा, ओळी त्यावरून ताडून घ्या. समीक्षा वाचायची ती आपला कच्चा खर्डा झाल्यावरच. आधी वाचली की आपलं वाचन तिच्याच वाटेने जातं.

आणखी एक व्यावहारिक धोका आहे. अर्धा वर्ग एकच गाईड वापरतो आणि सरांच्या टेबलावर तेच समारोप पुन्हा पुन्हा येतात. शिकवणाऱ्याला ती वाक्यं तोंडपाठ झालेली असतात. अंतर्गत गुण तिथेच जातात.

तरीही घ्यायचंच असेल, तर दुकानात उभ्याउभ्या तीन गोष्टी बघा: कविता पूर्ण छापली आहे का, कुठल्या आवृत्तीवरून घेतली ते दिलंय का, आणि अवतरणांखाली नाव-पान आहे का. तिन्ही नसतील तर सीनियरकडून जुनी प्रत मागून आणा. प्रश्नांची यादी उतरवून घेतली की ती परत करता येते.