स्थूल गर्भवतीला सल्ला: कृत्रिम बुद्धिमत्तेचे अ‍ॅप की आहारतज्ज्ञ?

गरोदरपणापूर्वी बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून अधिक असल्यास, अमेरिकेतील २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, एका बाळाच्या गरोदरपणात एकूण वजनवाढ ५ ते ९ किलो असावी. हा हिशेब अ‍ॅप चांगला सांभाळते: नोंदींवरून वाढीचा वेग लगेच दाखवते, आठवड्याच्या १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची आठवण करून देते आणि अपरात्री विचारलेल्या प्रश्नालाही न कंटाळता उत्तर देते. आहारतज्ज्ञाची भेट एवढ्या वारंवार होत नाही; पण जेवण उलट्यांमुळे जात नाही की वजनावरून ऐकलेल्या टोमण्यांमुळे, हे समोर बसलेल्या माणसालाच उमगते. शिवाय अ‍ॅप चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देऊ शकते, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. गर्भावस्थेतील मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास त्याच्याकडे नोंदींपलीकडे काहीही सोपवू नये.