मासुंदा तलावाजवळचा मराठी बायबल अभ्यासवर्ग

ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) दर शुक्रवारी संध्याकाळी भरणाऱ्या या अभ्यासवर्गाला मी तीन महिन्यांपासून जात आहे. आज्ञापालनाचा विषय पाळकसाहेबांनी बायबलमधील पहिले शमुवेल या पुस्तकाच्या अध्याय 15 वरून शिकवला: अमालेक या शत्रू लोकांचे सर्व काही नष्ट करण्याची देवाची आज्ञा असताना इस्राएलचा राजा शौल याने त्यांचा राजा अगाग आणि उत्तम गुरेमेंढरे राखली, आणि संदेष्टा शमुवेल याने विचारल्यावर ती यज्ञासाठी आणल्याचे सांगितले. अर्धवट पाळलेली आज्ञा भक्तीच्या नावाखाली झाकता येते, हे ऐकताना मला सोयीनुसार दिलेला माझा दशमांश (देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) आठवला आणि मन फार अस्वस्थ झाले. प्रश्नोत्तरांना जेमतेम दहा मिनिटे मिळतात, ही खरी उणीव आहे. तरीही इतके काळजीपूर्वक, सोप्या मराठीत शिकवणारा वर्ग मला अन्यत्र मिळालेला नाही.