हेडलाइट सील करायचा ब्युटाइल रोल: माल चांगला, पण आधी मागचं रबर बघा

४ स्टार देतोय, पाचवा का कापला ते येईलच पुढे. आम्ही चिपळूणचे, म्हणजे पाऊस काय असतो ते मी सांगायला नको, आणि गाडी दहा वर्षं जुनी, गेल्या जुलैत दोन्ही हेडलाइटमध्ये एवढं पाणी साठलं की ब्रेक मारला की आत डुचमळताना दिसायचं. रात्री कुंभार्ली घाटात धुकं आणि त्यात हे असले दिवे, बायको म्हणाली दिवे बदल नाहीतर उजेडातच निघत जाऊ. नव्या जोडीचा भाव ऐकून गप्प बसलो आणि हा रोल मागवला, ४५० रुपये, साडेचार मीटर.

ब्युटाइल म्हणजे काळं चिकट रबर, ते दगडासारखं कधीच होत नाही, तापवलं की मऊ आणि गार झालं की घट्ट, त्यामुळे उद्या परत दिवा उघडायची वेळ आली तर उघडतो तरी. सिलिकॉनचं तसं नाही. आधी एका गॅरेजवाल्याने उजव्या दिव्याला बाहेरून बाथरूमचं सिलिकॉन फासून दिलं होतं, ते वाळताना व्हिनेगरसारखा वास मारतं ना, ती आम्लाची वाफ असते, आतल्या रिफ्लेक्टरच्या चकाकीला ती चांगली नाही, आणि एवढं करून पाणी यायचं ते येतच होतं.

उघडण्याआधी एक बघा, कडेच्या खाचेत बारीक स्क्रू ड्रायव्हर खुपसून. काळा गोंद तारेसारखा ताणत बाहेर आला तर ब्युटाइल, काम होईल. टणक निघाला, टवके उडायला लागले तर तो दुसराच पक्का सीलंट, तो उष्णतेने सुटत नाही, कापावा लागतो, तिथे घरी हात घालू नका, काच फुटून बसेल. काच म्हणायची आपली सवय, असतं ते पॉलिकार्बोनेट, म्हणून त्याला थिनर पेट्रोलही लावायचं नाही, बारीक तडे जातात.

व्हिडिओत सगळे दिवा ओव्हनमध्ये ठेवतात. आमच्या ओटीजीत दिवा मावतच नाही, मावला असता तरी घरच्यांनी ठेवू दिला नसता. मग टीव्हीचं पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, भोक पाडून हीट गन कमीवर लावली, आत ओव्हनचा थर्मामीटर, आणि ९० च्या आसपास ठेवत २० मिनिटं तिथेच बसून राहिलो, कारण पुठ्ठा आणि हीट गन सोडून चहाला जायचं नसतं. बल्ब, रबरं, स्क्रू, क्लिपा आधीच काढल्या होत्या. एक स्क्रू राहिला होता, तो पंधरा मिनिटं ओढून ओढून घामाघूम झाल्यावर दिसला!

उघडल्यावर रिफ्लेक्टरला फडकं लावू नका. तो ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, मी एका बोटाने पुसून बघितलं, आता तिथे कायमचा डाग आहे.

खरं काम मात्र जुना गोंद काढण्यात आहे आणि ते पाकिटावर कोणी लिहीत नाही. एका दिव्याला दोन तास गेले. गार असताना ओढला तर तुटतो, कोमट असताना सलग निघतो, आणि सिलिकॉनचा कण राहिला तर त्यावर हा चिकटत नाही म्हणजे नाही. हाताचं काळं खोबरेल तेलाने निघालं, पण तो हात खाचेला लावायचा नाही.

रोल स्वतः मस्त आहे. खाचेत सारखा बसतो, जोडाजवळ बोटभर एकावर एक घेतला, परत खोक्यात तापवून दाबला आणि क्लॅम्प लावून रात्रभर ठेवला. स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी, एक तर कागद एवढा चिकटला होता की सुरुवातीचे तुकडे वाया गेले, आणि जाहिरातीत म्हटलंय 'तापवायची गरज नाही', हे साफ खोटं, तापवल्याशिवाय काच खाचेत पूर्ण बसतच नाही.

आता गंमत. दुसऱ्या दिवशी कडेला साबणाचं पाणी लावून मागून हलकी हवा मारली. उजवा ओके. डाव्याच्या कडेला एक बुडबुडा नाही, पण मागे बल्बवरच्या रबरी टोपीतून फुस्स! टोपी फाटलेली होती, म्हणजे डावा दिवा मी उगाच उघडला, तिथलं सील आधीपासून चांगलं असणार. नवी टोपी स्पेअरवाल्याकडे १२० ला मिळाली. तेव्हा आधी ते रबर आणि हवेची नळी बघा, मग रोल मागवा. आणि सकाळी नुसतं धुकं धरत असेल, दिवे लावल्यावर थोड्या वेळाने जात असेल, तर काहीच करू नका, दिव्याला हवा खेळायला वाट ठेवलेलीच असते.

दिवे बसवल्यावर भिंतीसमोर गाडी लावून झोत सारखा करून घ्या, माझा उजवा झाडांवर जात होता.

सप्टेंबरपर्यंत अख्खा पाऊस काढला, दोन्ही कोरडे. हातभर रोल उरला होता तो पडवीच्या पत्र्याच्या भोकाला लावला, तिथेही गळायचं थांबलं.