नॉर्थ केप: बसने जावं की बोटीने?

माझा कौल बसच्या बाजूने. फिनलंडच्या रोव्हानिएमीहून नॉर्थ केप, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकाला बेटावर असलेला कडा, साधारण ७०० किलोमीटर. वाटेत इनारीचं ‘सीडा’ हे सामींचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं संग्रहालय, मग नॉर्वेतल्या सामींची संसद असलेलं कारासयोक. आणि रेनडिअर! रस्त्याच्या मधोमध निवांत उभे राहतात. ड्रायव्हर गाडी थांबवतो, आणि काचेपलीकडे अगदी हाताच्या अंतरावर त्यांच्या शिंगांवरची मखमली लव दिसते. पुढे समुद्रसपाटीखाली २१२ मीटर उतरणारा, १९९९ साली खुला झालेला बोगदा. कानाला दडे बसतात, तोवर बेट आलेलं असतं.

बोट १८९३पासून नॉर्वेच्या किनाऱ्याने चालते, आता बर्गन ते किर्केनेस. रोज बॅग भरायची कटकट नाही, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांसाठी तीच बरी. फ्योर्डही, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, तिथूनच खरे दिसतात. पण उत्तरेकडे जाताना ती केपजवळच्या होनिंग्सवोग बंदरात दुपारी काही तासच थांबते. म्हणजे केपवर मध्यरात्रीचा सूर्य नाही. बसवाले मुक्कामच तिथे करतात, जेवून रात्री निघतात आणि ३०७ मीटर उंच कड्यावर बारा वाजता उभे असतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य तिथे मावळत नाही. ढग आले तर मात्र दोघांचंही नशीब सारखंच.