लॉर्ड ऑफ द रिंग्ज: आधी वाचायचं की आधी बघायचं?

एक दुष्ट, सगळ्यांना मोहात पाडणारी अंगठी नष्ट करायला निघालेल्यांची ही टॉल्किनची कादंबरी. मी आधी तिचे सिनेमे बघितले आणि मग पुस्तक वाचलं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार बोलू शकतो. आणि सगळंच सिनेमाने बिघडवलंय असं अजिबात नाही. त्या निघालेल्यांतला योद्धा बोरोमिर घ्या, पुस्तकात तो जरा लांबचाच वाटतो, पण सिनेमात शॉन बीनने केलेला त्याचा शेवटचा सीन बघून डोळ्यात पाणी येतं. अ‍ॅरागॉर्न हा राजगादीचा वारस, पुस्तकात राजा व्हायला पहिल्यापासून तयार असतो, पूर्वजांची तुटलेली तलवार रिव्हेंडेल या एल्फांच्या ठिकाणाहून निघायच्या आधीच जोडून घेतो, सिनेमात तो राज्यापासून पळतो आणि तलवार थेट तिसऱ्या भागात हातात येते. चालतं मला हे.

पण बोरोमिरचा भाऊ फॅरामिर, त्याचं जे केलंय ते नाही चालत यार. पुस्तकात तो अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडोला सांगतो की ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि नंतर फ्रोडोचा सोबती सॅम चुकून अंगठीचं बोलून जातो, फॅरामिर उठून उभा राहतो, फ्रोडो आणि सॅम भिंतीला पाठ लावून तलवारी चाचपतात, आणि हा परत खाली बसतो आणि हळूच हसायला लागतो, शब्द दिला म्हणजे दिला. सिनेमात हाच माणूस दोघांना अंगठीसाठी पकडून ऑस्गिलियाथ शहरात नेतो. आता मी सिनेमा आधी बघितलेला, तर वाचताना ते सगळं प्रकरणभर मला वाटत राहिलं की हा आता दगा देणार, आत्ता देणार, आणि इतका चांगला माणूस मला नीट भेटलाच नाही. टॉल्किनने १९४४ मध्ये मुलाला लिहिलंय की हा मी बनवलेला नाही, तो आपणच जंगलातून चालत आला. अशा पात्राला बदलायचं म्हणजे मला तरी जड जातं.

इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना माझ्या मामेभावाशी यावर वाद होतो. त्याचं म्हणणं, अंगठीचा मोह सगळ्यांना पडतो असं दाखवत आणलं आणि मधेच एकाला काहीच झालं नाही तर तिची भीती कुठे उरली? सिनेमावाल्यांचंही हेच म्हणणं होतं आणि त्यात दम आहे, मी नाही म्हणत नाही.

तरी माझं ऐकाल तर निदान दुसरा भाग तरी आधी वाचून घ्या. आणि वाचायला वेळ नसेलच तर सिनेमाची मोठी आवृत्ती बघा, तिच्यात बाप डेनेथॉर आणि बोरोमिर-फॅरामिर या त्याच्या दोन्ही मुलांचा एक सीन आहे, त्यातून निदान एवढं तरी कळतं की फॅरामिर बापाच्या शाबासकीसाठी हे करतोय.